खाडीवर दोन महिने: संशोधनाच्या उन्हाळी इंटर्नशिपची तयारी

एमएस्सीच्या पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मी कोकणातल्या एका खाडीवर पाण्याचा खारेपणा मोजत होते. दर सोमवारी सकाळी नऊला, त्याच जेटीवर, त्याच बादलीने. महिनाभराचे आकडे आलेखावर मांडले तर करवतीचे दाते उमटले: एक वर, एक खाली, पुन्हा एक वर. त्यावर मी दोन पानं लिहूनही काढली. वरच्या बंधाऱ्यातून आठवड्याआड पाणी सोडत असावेत वगैरे. जेटीवर जाळं शिवत बसणारे तात्या एके दिवशी म्हणाले, "गो बाय, एका सोमवारी तू भरतीक येतस, दुसऱ्या सोमवारी सुकतीक. मगे आकडे जुळतले कसे?"

भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे एका सोमवारी नऊला भरती असेल, तर पुढच्या सोमवारी नऊला ओहोटी असणार. माझी दोन पानं गेली, शिवाय महिनाही गेला. दोनच महिन्यांची इंटर्नशिप होती.

तेव्हापासून खाडीवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी आधी एकच हिशेब घालते. उन्हाळी इंटर्नशिप आठ आठवड्यांची. आठ आठवड्यांत उधाणं, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरती-ओहोट्या, येतात चार. पहिलं उधाण जागा बघण्यात आणि उपकरणं शिकण्यात जातं, शेवटच्याच्या वेळी तुम्ही अहवाल लिहीत असता. हातात उरतात दोन. तुमचा प्रश्न त्या दोन उधाणांत मावला पाहिजे. पुढचं सगळं या हिशेबातूनच निघतं.

अर्ज कधी करायचा

मार्चमध्ये जाग येणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. मार्चमध्ये काही मिळत नाही असं नाही, पण चांगल्या जागा तोवर भरलेल्या असतात.

देशातली सर्वांत माहितीतली योजना म्हणजे तिन्ही विज्ञान अकादम्यांची (बेंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची) संयुक्त समर रिसर्च फेलोशिप. तिचे अर्ज आदल्या वर्षीच, दिवाळीच्या आगेमागे मागवले जातात. अर्जात मार्कांबरोबर तुम्हाला काय करायचंय याचा छोटा मजकूर आणि एका शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. शिक्षकांना अंतिम तारखेच्या आदल्या दिवशी गाठू नका. तीन आठवडे आधी भेटा आणि तुम्ही त्यांच्याकडे कोणतं प्रॅक्टिकल, कोणता प्रकल्प केला हे एका कागदावर लिहून द्या. नाहीतर पत्रात "विद्यार्थी हुशार आणि मेहनती आहे" एवढंच येतं, आणि ते तर सगळ्यांच्याच पत्रात असतं.

योजनेत निवड झाली नाही तर थेट शास्त्रज्ञांना लिहायचं. त्यासाठी डिसेंबर-जानेवारी बरा. फेब्रुवारी-मार्च परवानग्या, कॉलेजचं ना हरकत पत्र आणि राहण्याची सोय यांत जातो.

कुठे

गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ. स्थापना १९६६ची. मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांची मुखं अक्षरशः तिच्या दाराशी आहेत, त्यामुळे या दोन खाड्यांवर खूप सखोल अभ्यास झालाय. शेजारी गोवा विद्यापीठ आहे. महाराष्ट्रात रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि १८८३पासूनची बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. ऐरोलीला वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. खारफुटीसाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष राज्याने २०१२मध्ये सुरू केला, त्याच्याशी संबंधित कामं तिथून चालतात.

मराठी मुलं यापलीकडे फारशी बघत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. तमिळनाडूत परंगीपेट्टईला वेल्लार नदीच्या मुखावर अन्नामलाई विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं जुनं केंद्र आहे. खाडीच्या काठावरच प्रयोगशाळा, दार उघडलं की चिखल. कोचीला वेंबनाड, ओडिशात चिल्का, बंगालमध्ये हुगळीवर काम करणारी बराकपूरची मत्स्य संशोधन संस्था. भाषा येत नाही ही अडचण पहिल्या आठवड्यापुरती.

अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांसाठी एक ओळ: तिथे नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर चालणारे आरईयू नावाचे पदवीपूर्व उन्हाळी कार्यक्रम आहेत, त्यांतले काही खाडी-संशोधनाचे. ते प्रामुख्याने तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी असतात. त्यामुळे भारतातून तिकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

पत्र

शास्त्रज्ञांना रोज अशी पत्रं येतात आणि त्यांतली बहुतेक एकाच साच्यातली असतात: "मला सागरी विज्ञानात अत्यंत रस आहे, कृपया संधी द्यावी." कोणाच्याही नावावर खपेल असं पत्र कोणीच वाचत नाही. ज्यांना लिहायचं त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध आधी वाचा. एनआयओच्या शोधनिबंधांचं खुलं भांडार इंटरनेटवर आहे, फुकट. सगळं समजणार नाही. पद्धतीचा भाग मात्र नीट वाचा, कारण उन्हाळ्यात तुम्ही करणार तेच.

पत्र इंग्रजीतच जाईल, पण त्याचा गाभा असा असावा (खाजण म्हणजे खाडीकाठची सखल, खारी जमीन): "मी अमुक कॉलेजात प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्या तमुक निबंधात खाजणातल्या खेकड्यांच्या बिळांची मोजणी वाचली. माझं गाव खाडीकाठी आहे आणि बांध फुटलेल्या खाजणात बिळं कमी दिसतात असं मला वाटतं. ते मोजून बघायचं आहे. विंकलर पद्धतीने विरघळलेला प्राणवायू मोजता येतो, एक्सेल येतं, आकडेवारीची आर ही संगणकभाषा शिकते आहे. १० मे ते ५ जुलै मोकळी आहे. राहण्याची सोय माझी मी करेन." यापेक्षा मोठं नको. येत नाही ते येतं म्हणू नका. पहिल्याच दिवशी ब्युरेट हातात देतात.

दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा. मग पुढच्याकडे.

होकार आला की तीन गोष्टी विचारून घ्या, संकोच न करता. मानधन आहे का (बऱ्याच ठिकाणी नसतं). वसतिगृहात जागा आहे का. आणि आकडेवारी कोणाची राहणार, म्हणजे तुम्हाला ती कॉलेजच्या प्रकल्पात वापरता येईल का. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि भांडणं त्यावरूनच होतात.

प्रश्न किती लहान

अर्जात मुलं लिहितात: "ठाणे खाडीच्या प्रदूषणाचा जैवविविधतेवर परिणाम." हा दोन महिन्यांचा विषय नाही, चार जणांच्या पीएचडीचा आहे. त्याच खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) पक्षी मोजायचा बेत घेऊन येणारेही असतात. ठाणे खाडीचा पट्टा २०१५मध्ये रोहित अभयारण्य झाला, २०२२मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, त्यामुळे नाव सर्वांना माहीत. पण रोहित पावसाच्या तोंडावर निघून जातात. जूनमध्ये दुर्बीण घेऊन उभे राहाल तर समोर चिखल.

मला स्वतःला जे विषय दोन उधाणांत बसताना दिसले ते असे. तिवर या खारफुटीच्या झाडांच्या पट्ट्यात, काठापासून पाण्याकडे दोरी टाकून, ठरावीक अंतरावर अर्धा मीटरचा चौकोन ठेवायचा आणि खेकड्यांची बिळं मोजायची. साधं वाटतं, पण एका दिवसात पंचवीस-तीस चौकोन झाले तर खूप झाले. किंवा गोव्यातल्या खाजणात मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, आतलं आणि बाहेरचं पाणी एकाच वेळी मोजायचं. किंवा तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढणाऱ्या बायकांबरोबर बसून त्या कुठे, कोणत्या पाण्याला, किती काढतात हे नोंदवायचं. या शेवटच्या विषयाला मुलं विज्ञान मानत नाहीत. मासेमारीच्या व्यवस्थापनाला मात्र याच नोंदींची सर्वांत जास्त चणचण आहे.

माझा आवडता विषय तेरा तासांचा. भरतीचं एक पूर्ण आवर्तन बारा तास पंचवीस मिनिटांचं. जेटीवर पहाटे बसायचं आणि तेरा तास, दर तासाला, वरच्या थरातलं आणि तळाजवळचं पाणी काढून खारेपणा, तापमान, गढूळपणा मोजायचा. एकदा उधाणाला, एकदा भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा. जमलं तर हेच मेमध्ये आणि पाऊस लागल्यावर जूनच्या शेवटी. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खाड्या वर्षातून एकदा कूस बदलतात: मेमध्ये समुद्राचं पाणी कित्येक किलोमीटर आत शिरलेलं असतं, आणि पावसाने नद्या फुगल्या की मुखाजवळसुद्धा वरचं पाणी जवळजवळ गोडं होतं, जड खारं पाणी खाली दबून राहतं. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, गोव्यात त्याआधी काही दिवस. म्हणजे तुमची इंटर्नशिप नेमकी या पालटावर येते. युरोपातल्या विद्यार्थ्याला असा नाट्यमय उन्हाळा मिळत नाही.

टाळण्यासारखे विषय दोन. एक सूक्ष्म प्लास्टिक. फॅशनमध्ये आहे, पण तुमच्याच टी-शर्टचे धागे नमुन्यात पडतात आणि कोरे नमुने (खाडीचं पाणी न घालता तसेच हाताळलेले) सोबत चालवले नाहीत तर आकडे कवडीमोलाचे. दुसरा, गाळातल्या सगळ्या किड्यांची ओळख. गाळ काढायला एक सकाळ लागते; अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वळवळा वेगळा करून कुळापर्यंत पोहोचायला महिना.

परवानग्या

अभयारण्यात काम असेल तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, नुसतं मोजायचं असलं तरी. ती मार्गदर्शकांच्या संस्थेमार्फत मागावी. विद्यार्थ्याच्या एकट्याच्या अर्जाला फार वेळ लागतो. खारफुटीचं पानही विनापरवाना तोडू नका. पत्राची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत कायम जवळ हवी, कारण गस्तीवरचा वनरक्षक तुमच्या मार्गदर्शकांना ओळखत नसतो.

होडीचंही आधी बघा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. त्या काळात नौका काठावर ओढून ठेवलेल्या, खलाशी गावाला गेलेले. वल्ह्याची छोटी होडी मिळते, पण तिच्या मालकाशी मेमध्येच बोलून ठेवा, आणि दिवसाचे पैसे आधी ठरवा. "संशोधन आहे, समाजासाठी आहे" असं सांगून कोणाचा दिवस फुकट घेऊ नये.

पंचांग घेऊन बसा

भरतीचे तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो. हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राच्या संकेतस्थळावरही अंदाज मिळतात. अंतिम आराखडा त्यांवरच करा. पण कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ठोकताळा तोंडपाठ हवा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.

आता यातून कामाचा दिवस काढू. मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास. तृतीयेला सव्वाआठ. चिखल जास्तीत जास्त उघडा, ऊन अजून चढलेलं नाही, आणि काठावर परतायला उजेड. बिळं, शिंपल्या, गाळ, जे काही चिखलावर चालून करायचं ते या दोन-तीन सकाळीच करा. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं उतरतच नाही. तो दिवस प्रयोगशाळेचा.

मे-जूनचं कॅलेंडर भिंतीवर लावा आणि द्वितीया-तृतीयेला लाल पेनाने खुणा करा. खुणा चारच ठिकाणी पडतील. मग मार्गदर्शकांची बैठक, मावसबहिणीचं लग्न, परीक्षेचा निकाल, सगळं त्या खुणांभोवती बसवा.

हा ठोकताळा मुखाजवळचा. आत जाल तसा उशीर होतो. चाळीस-पन्नास किलोमीटर वर भरती पोहोचायला बराच वेळ लागतो. आपल्या जागेवर एक काठी रोवून, तिच्यावर खुणा करून, पहिल्याच आठवड्यात एक दिवस पाण्याची चढउतार स्वतः टिपा. खर्च शून्य.

चिखलात

गमबूट नको. ते चिखलात रुततात आणि पाय मोकळा बाहेर येतो. घोट्यापर्यंत घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट बरे. अनवाणी तर अजिबात नको. कालवांच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन मेच्या आधी घ्या. पावसात पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची भीती असते.

रुतलात तर उभ्या उभ्या पाय उपसू नका, दुसरा जास्त खोल जातो. मागे टेकून बसा, वजन पसरू द्या, पाय हळूहळू हलवून सैल करा. चिखल कुठे पोकळ आहे हे गावातल्या माणसाला कळतं, तुम्हाला नाही. म्हणून एकटं कधीच जायचं नाही, आणि पूर्ण ओहोटीची वेळ झाली की काम कितीही उरलेलं असो, काठाकडे वळायचं. सपाट खाजणात पाणी समोरून येत नाही, बाजूच्या ओहोळांतून मागे शिरतं.

मुलींसाठी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते, कारण मला कोणी सांगितली नव्हती. खाडीवर पाच-सहा तास शौचालय नसतं. पाणी न पिता दिवस काढणं हा त्यावरचा उपाय नाही. मेच्या उन्हात चक्कर येते. काठावरचं एखादं घर आधीच ओळखीचं करून ठेवा. पाळीच्या दिवसांत चिखलात उतरायचं नसेल तर मार्गदर्शकांना स्पष्ट सांगा आणि त्या उधाणाला सोबत्याला चौकोन मोजू द्या, तुम्ही काठावर नोंदी घ्या.

मोजताना

खारेपणासाठी बहुतेक ठिकाणी हातातला रिफ्रॅक्टोमीटर देतात. रोज सकाळी ऊर्ध्वपातित पाण्याने शून्यावर आणा. समुद्राच्या पस्तिशीच्या (हजार भागांत पस्तीस भाग मीठ) आसपास तो ठीक चालतो. पाऊस लागून पाणी गोडं झालं की त्याचा भरवसा धरू नका, वाहकतेचं मीटर मागा.

प्राणवायूच्या बाटलीत बुडबुडा राहता कामा नये. पाणी काढल्या काढल्या, होडीवरच, मँगनीजचं आणि अल्कली-आयोडाइडचं द्रावण पिपेटचं टोक पाण्यात बुडवून घाला. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. सांडपाणी मिळणाऱ्या खाडीत हे बघायला मिळतं आणि पहिल्यांदा वाटतं आपलंच चुकलं. बाटल्या ओल्या फडक्यात, अंधारात ठेवून त्याच दिवशी टायट्रेशन करा.

झाडं ओळखताना पुस्तकाआधी पाय बघा. कमानीसारखी आधारमुळं असलेलं कांदळ, चिखलातून पेन्सिली वर आल्यासारखी मुळं ती तिवराची, तीच जाड आणि शंकूसारखी असली तर चिप्पी. पांढरी चिप्पी हा २०२०पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे.

वही

मोबाइलमध्ये नोंदी घेऊ नका. ओले हात, ऊन, चिखल. एकदा तरी तो खाडीत जातोच. जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. प्रत्येक ओळीत तारीख, घड्याळाची वेळ, पाणी चढतंय की उतरतंय, जागा, आणि मग आकडा. माझ्या त्या सोमवारच्या वहीत "चढतंय की उतरतंय" हा एक रकाना असता तर महिना वाचला असता. संध्याकाळी परतल्यावर पानांचे फोटो काढून मार्गदर्शकांना पाठवा, आकडे त्याच रात्री एक्सेलमध्ये चढवा. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही.

अहवाल सहाव्या आठवड्यापासून लिहायला घ्या, पद्धतीच्या भागापासून. तो सर्वांत सोपा आणि तोवर सगळं आठवत असतं. परिणाम काहीच दिसला नाही तर तसंच लिहा. तीस चौकोनांत फरक आढळला नाही, हीसुद्धा माहिती आहे, आणि ती दडपून ठेवण्यापेक्षा मांडणारा विद्यार्थी मार्गदर्शकांच्या लक्षात राहतो.

ज्या वाडीत काम केलंत तिथे एक पानाचा मराठी मजकूर देऊन या: काय मोजलं, काय आलं. होडीवाल्याला, तिसऱ्यावाल्या बायकांना, ग्रामपंचायतीत एक. वाचून कोणीतरी चूक काढतंच, ती टिपून घ्या. प्रमाणपत्रावर तारखा बरोबर आहेत का हे निघायच्या आधी बघा, नंतर दुरुस्तीला महिने जातात.

आणि नमुने मागे ठेवून जाताना चिठ्ठी बरणीच्या बाहेर चिकटवू नका, फॉर्मलिन आणि अल्कोहोलमध्ये शाई पुसली जाते. ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर पेन्सिलीने जागा, तारीख, वेळ आणि तिथी लिहा आणि तो तुकडा बरणीच्या आतच टाका.